वळिवडेच्या छावणीचा खर्च कोणी केला?

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकापाशी त्यांनी आदरांजली वाहिली, आणि मराठी वाचकांना वळिवडेची पुन्हा आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात राहिली. ही हकीकत आपल्याकडे बहुधा अतिथिधर्माच्या चालीवर सांगतात. परमुलखातल्या निराधार बायका आल्या, संस्थानाने त्यांना जागा दिली, करवीरच्या लोकांनी त्यांना आपले म्हटले. यात खोटे काही नाही. कधी कधी सगळे श्रेय कोणा एका उदार महाराजांना दिले जाते, तेवढे मात्र चूक आहे. राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते आणि १९४३ मध्ये गादीचा वारस लहान मूल होता. त्याहून महत्त्वाचा एक तपशील या हकीकतीतून नेहमी गळतो. छावणीचा खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलिश सरकार करत होते. स्वतःचा देश हातातून गेलेले हे सरकार ब्रिटनकडून उसने घेत होते, आणि त्या पैशातून मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरच्या एका गावात आपल्या नागरिकांच्या चुली पेटत्या ठेवत होते. कोल्हापूरचे मन मोठे होते हे खरेच, पण पाच हजार माणसांचा संसार पाच वर्षे नुसत्या मोठ्या मनावर चालत नाही. युद्धात सापडलेल्या बायकामुलांना पहिला घास दयेपोटी मिळतो. पुढची वर्षे निभतात ती मात्र कोणीतरी त्यांची जबाबदारी कागदावर घेतलेली असेल तरच. वळिवडेचा इतिहास नीट वाचला तर तो हेच सांगतो, असे माझे मत आहे.

या बायका कोल्हापूरपर्यंत पोचल्या कशा, हे आधी पाहावे लागेल. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार लाटांमध्ये तिथल्या लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात पाठवण्यात आले. सोव्हिएत कागदपत्रांवरूनच हा आकडा तीन लाखांच्या वर जातो. एप्रिल १९४० ची लाट तर मुख्यतः अटकेत असलेल्या किंवा मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांची होती, म्हणजे बायका, मुले आणि म्हातारी माणसे. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटले. ३० जुलैला लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करारावर सह्या केल्या, कैद्यांना 'माफी' मिळाली आणि जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार माणसे सोव्हिएत भूमीतून बाहेर पडली. नागरिकांमध्ये बरेचसे सैनिकांचे कुटुंबीय म्हणून यादीत आले होते. टायफस आणि उपासमारीने खंगलेल्यांपैकी दोन हजारांवर माणसे इराणात पोचल्यावर दगावली. उरलेल्यांना पुढे कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. मग कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, काही मुले न्यूझीलंडला, आणि काही हजार माणसे कराचीमार्गे हिंदुस्थानात आली.

या प्रवासात दया करणारे भेटले ते सारे वाटेत भेटले. मुळात दार उघडले ते एका कराराने, आणि पोलिश राजदूताने आणि सेनापतीने त्या कराराला चिकटून राहिल्यामुळे. याचा उलटा पुरावाही लगेच मिळाला. एप्रिल १९४३ मध्ये पोलिश अधिकाऱ्यांच्या कातिनमधल्या हत्याकांडाचा मामला उघडकीस आला, पोलिश सरकारने चौकशीची मागणी केली, आणि स्टालिनने त्या सरकारशी संबंधच तोडले. त्या दिवसानंतर सोव्हिएत संघात अडकलेल्या पोलिश कुटुंबांना युद्ध संपेपर्यंत बाहेरची वाट उरली नाही. एका वर्षापूर्वी पहलवीला पोचलेल्या आईपेक्षा त्या आयांची हालाखी कमी नव्हती, आणि इराण, हिंदुस्थान, आफ्रिका यांची मनेही आखडली नव्हती. त्यांच्या वतीने भांडणारा माणूस मॉस्कोत उरला नव्हता, एवढाच काय तो फरक.

वळिवडेत ही जबाबदारी कशी दिसत होती? लांबच लांब बराकी होत्या, पण त्या कुटुंबागणिक विभागलेल्या होत्या. पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत. चर्च, दवाखाना, नाटके आणि स्काउटची पथके होती. शाळेत शिकवणाऱ्या आणि दवाखान्यात राबणाऱ्या बायका निर्वासितच होत्या. मुंबईत पोलिश वकिलात होती. वकील बानासिन्स्की यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का हिंदुस्थानात पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी होत्या आणि अश्गाबातहून अनाथ मुले आणण्यासाठी लॉऱ्यांचा ताफा पाठवण्यामागे त्यांचीच धडपड होती. म्हणजे छावणीतल्या बाईला तक्रार करायला दार होते, दाराआड तिच्या भाषेत बोलणारा अधिकारी होता, आणि तो ज्या सरकारला उत्तर देत होता त्याला ही माणसे उद्याचे आपले नागरिक म्हणून हवी होती. सोळा वर्षांच्या मुलीला इतिहास आणि गणित शिकवण्याचा खर्च दानशूर माणूस सहसा करत नाही. त्याला घोंगडी आणि दूध सुचते. मुलीच्या परीक्षेची काळजी तिला आपल्या वहीत धरणारा करतो. जामनगरजवळच्या बालाचडीची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी स्वतः पुढाकार घेतला आणि पैसा बराचसा वर्गणीतून उभा राहिला. पण युद्धानंतर मुलांचे भवितव्य टांगणीला लागले, तेव्हा त्यांनाही मुलांचे कायदेशीर पालकत्व घेण्याची वाट धरावी लागली. ममता होतीच. तिला कागदाचा आधार लागला.

आता पहिला आणि सर्वांत बोचरा आक्षेप. १९४३ साल. वळिवडेत पोलिश कुटुंबे राहायला येत होती त्याच वर्षी बंगालमध्ये भुकेने माणसे मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाखांच्या घरात धरला, पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. तीही युद्धाचीच बळी होती. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिथला तांदूळ थांबला, किनाऱ्यावरच्या होड्या शत्रूच्या हाती लागतील म्हणून सरकारने काढून घेतल्या, किमती भडकल्या. मग घरच्या माणसांना उपाशी ठेवून पाहुण्यांची सरबराई झाली, असे म्हणायचे का? पैशाच्या हिशेबाने पाहिले तर नाही, कारण वळिवडेचा पैसा लंडनहून येत होता आणि तो बंगालसाठी ठेवलेला नव्हता. पण एवढ्यावर सुटका करून घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंगालमध्ये नेमके काय नव्हते ते पाहिले पाहिजे.

ब्रिटिश राजवटीत दुष्काळ संहिता नावाचा लेखी नियमसंग्रह होता. दुष्काळ जाहीर झाला की काम मागणाऱ्याला काम आणि काम न करू शकणाऱ्याला फुकट शिधा देणे सरकारला बंधनकारक होई. १९४३ मध्ये बंगाल सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला असता तर संहितेप्रमाणे शिधा द्यावा लागला असता, आणि तेवढे धान्य आपल्याकडे नाही असे सरकारचे म्हणणे होते. भूक होती, मुडदे कलकत्त्याच्या फुटपाथवर होते, पण कागदावर दुष्काळ नव्हता. याच काळात कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या, युद्धसाहित्य बनवणाऱ्यांच्या याद्यांवर असलेल्या माणसांना सवलतीचे धान्य मिळत होते. ज्याच्या मालकाकडे यादी होती तो जगला. मेदिनीपूरच्या भूमिहीन मजुराची बायको कुठल्याच यादीत नव्हती. कलकत्त्यात आलेल्या निराश्रितांची पाहणी करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ तारकचंद्र दास यांना फुटलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आढळली. नवरा कामाच्या शोधात एकीकडे, बाई मुलांसह दुसरीकडे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ४४ राष्ट्रांनी मिळून संयुक्त राष्ट्रांची मदत आणि पुनर्वसन संस्था स्थापली. हिंदुस्थान तिचा सभासद होता, वर्गणीही देणार होता. पण ती संस्था शत्रूच्या ताब्यातून सुटलेल्या मुलखांसाठी असल्याने बंगालची भूक तिच्या कक्षेत आली नाही. तेव्हा वळिवडे आणि बंगाल यांच्यातला फरक लोकांच्या कनवाळूपणातून आला नव्हता. एका जागी उत्तर देणारे सरकार होते. दुसऱ्या जागी ज्याने उत्तर द्यायचे त्यानेच प्रश्न दप्तरी घेतला नाही.

'पोलिश माणसे गोरी होती, म्हणून' असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. वर्ष आधी ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या लाखो हिंदी लोकांना याचा अनुभव आला होता. युरोपियनांसाठी वेगळी, बऱ्या सोयींची वाट आणि हिंदी लोकांसाठी दुसरी, असा भेद झाल्याच्या तक्रारी तेव्हाच काँग्रेसच्या नेत्यांनी केल्या होत्या, आणि त्या डोंगरवाटांवर हजारो माणसे मेली. पण वर्णभेद काम करतो तो कसा, हेही पाहायला हवे. तो अधिकाऱ्याच्या मनात असतो तसा नियमांतही उतरतो. कोणाला नागरिक धरायचे, कोणाची नोंद करायची, कोणत्या वाटेवर पाण्याची आणि डॉक्टरची सोय करायची, हे नियमच ठरवतात. म्हणून हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. बंधनकारक व्यवस्था मोजक्यांनाच मिळाली, हाच तर अन्याय होता.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा असतो, आणि तो मला अधिक आदरणीय वाटतो. यंत्रणा मंद असते, कागदाची वाट पाहत बसले तर मूल मरते, तेव्हा शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात देणे हीच खरी मदत. बंगालमध्ये १९४२ साली उभ्या राहिलेल्या महिला आत्मरक्षा समितीने तेच केले. या बायकांनी पेजेची केंद्रे चालवली, मुलांसाठी दूध मिळवले, निराधार बायकांना आसरा दिला. त्या नसत्या तर आणखी माणसे मेली असती. पण याच समितीने मार्च १९४३ मध्ये हजारो बायकांचा मोर्चा कलकत्त्याच्या विधानसभेवर नेला. मागणी होती धान्याच्या भावावर नियंत्रणाची आणि रास्त दराच्या दुकानांची. पेज वाटणाऱ्यांनाच सर्वांत आधी कळले होते की पेजेने हे निभणार नाही. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बाईला त्या रोज पाहत होत्या. सामाजिक मदत आणि सरकारी जबाबदारी यांत निवड करायला सांगणारे लोक बहुधा त्या रांगेपासून लांब बसलेले असतात.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या मांडणीला खरोखर धक्का देतो. यंत्रणेच्या वहीत नाव असणे चांगले, पण कोणाचे नाव? बाईची नोंद अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणूनच झाली, तर ती वही तिच्यावर उलटू शकते. वळिवडेतच याची चुणूक दिसली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीतल्या बायका एका दिवसात वाऱ्यावर पडल्या. गाव जिथे होते तो मुलूख आता सोव्हिएत संघात गेलेला, वॉर्सात कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालचे सरकार, परत जावे तर कुठे? पुढे ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला. त्यात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैनिकांच्या कुटुंबीयांना जागा होती. जिचा नवरा, बाप किंवा भाऊ इटलीत लढून जिवंत राहिला तिला इंग्लंडची बोट मिळाली. जिचे असे कोणी नव्हते तिच्यापुढे आफ्रिकेतल्या छावण्या किंवा दूरदेशीचा एखादा कामगार-करार असे अनिश्चित पर्याय होते. हक्क होता, पण तो पुरुषाच्या गणवेशाला टाचलेला होता.

आपल्याकडे १९४७ नंतर याहून कठोर प्रकार घडला. फाळणीच्या निर्वासितांसाठी भारत सरकारने सप्टेंबर १९४७ मध्ये स्वतंत्र खाते काढले. एकट्या पडलेल्या बायकांसाठी रामेश्वरी नेहरूंच्या देखरेखीखाली महिला विभाग उभा राहिला, आणि ते काम, माझ्या मते, पुरेसे गौरवले गेलेले नाही. वळिवडेच्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर, घाऊक कापडाची ती मोठी बाजारपेठ, त्यातूनच वसले. पण त्याच राज्ययंत्रणेने १९४९ मध्ये पळवलेल्या व्यक्तींच्या सुटकेचा कायदा केला. त्याखाली शोधून काढलेल्या बाईला परत जायचे आहे का, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गैरलागू होता. दोन्ही देशांत मिळून सुमारे ३० हजार बायका अशा 'परत' मिळवण्यात आल्या. कित्येकींसाठी ती खरी सुटका होती. कित्येकींना मात्र नव्या घरातून, कधी तान्ह्या मुलापासूनही, ओढून काढले गेले. कमलाबेन पटेल यांनी लाहोरात हे काम स्वतः केले आणि पुढे त्यातल्या वेदना लिहून ठेवल्या. म्हणून माझ्या मांडणीत दुरुस्ती हवी. यंत्रणा बांधील हवी, आणि ती त्या बाईलाच बांधील हवी. शिधापत्रिका तिच्या नावाची, निवडही तिची. कुटुंब एकत्र ठेवणे ही मदत झाली. बाईला कुटुंबाच्या स्वाधीन करणे ही मदत होईलच असे नाही.

वाटप नेत्यांच्या हाती दिले की काय होते हे १९९४ मध्ये झाईरमधल्या गोमा शहराभोवतीच्या छावण्यांनी जगाला दाखवले. रवांडातल्या नरसंहाराचे सूत्रधारच तिथे निर्वासितांचे म्होरके झाले. याद्या त्यांनी केल्या, धान्य त्यांच्या हातून वाटले गेले. विधवांच्या वाट्याला कमी आले, हत्यारबंद तरुणांना भरपूर. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये 'सीमारहित डॉक्टर' संघटनेची फ्रेंच शाखा काम थांबवून निघून गेली. मदतीने युद्ध लांबते, असे म्हणणारे गोमाचे उदाहरण देतात. मला त्यातून निघणारा निष्कर्ष अधिक साधा वाटतो. यादी कोणाच्या हातात आहे ते आधी विचारा.

आजचे जग या बाबतीत किती पुढे आले? कायद्याच्या पुस्तकात बरेच. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार वेढलेल्या मुलखातही पंधरा वर्षांखालची मुले, गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्यासाठी अन्न, कपडे आणि औषधी टॉनिके जाऊ देण्यास सांगतो, आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकमेकांचा शोध घेऊ देण्यासही. पण या मदतीचा पैसा कोणी द्यायचा, याची सक्ती कोणावर नाही. जागतिक अन्न कार्यक्रम संपूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालतो. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. तिथे माणशी दरमहा १२ डॉलरचे अन्नसाहाय्य मार्च २०२३ मध्ये १० डॉलर आणि जूनमध्ये ८ डॉलर झाले. देणग्या आटल्या, एवढेच कारण होते. पुढे ते पुन्हा वाढवले गेले, पण मधल्या महिन्यांत मुलांच्या ताटातून काय कमी करायचे हे छावणीतल्या आयांना ठरवावे लागले. आणि त्यांना काम करण्याची अधिकृत परवानगीही नाही.

याच्या शेजारी युक्रेन ठेवून पाहा. रशियाचा हल्ला फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस झाला. ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ पासून न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम प्रथमच लागू केला. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायची बंदी असल्याने आलेल्यांत मोठा भाग बायका-मुलांचा होता. त्यांना राहण्याचा, काम करण्याचा, शाळेचा आणि औषधोपचाराचा हक्क मिळाला. पोलंडने १२ मार्चच्या खास कायद्याने युक्रेनी आयांना ओळख क्रमांक दिला आणि आपल्या नागरिकांप्रमाणे मुलामागे दरमहा ५०० झ्लॉटीचा भत्ताही दिला. पुढे वारे फिरले आणि २०२५ मध्ये हा भत्ता नोकरीशी जोडला गेला. पण त्यासाठी कायदा बदलावा लागला, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार आडवा आला, उघड वाद झडला. रोहिंग्या बाईचा शिधा कमी करायला कुठल्याच संसदेचे मत लागले नाही. पोलंडची थोरवी गाऊन थांबायचे तर सोपे आहे. त्याच पोलंडने २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवर इराकी, सीरियन आणि अफगाण कुटुंबांना जंगलात मागे ढकलले होते. देश तोच, लोक तेच. एका सीमेवर कायदा होता, दुसऱ्या सीमेवर तारेचे कुंपण.

भारताचा हिशेब यापेक्षा स्वच्छ नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही, आणि निर्वासितांना हक्क देणारा स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, २०२१ नंतर म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्या चिन कुटुंबांना तिसरी आणि रोहिंग्यांना चौथी, तीही त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीप्रमाणे. मिझोरामच्या गावकऱ्यांनी आणि चर्चने जे केले ते करवीरच्या जुन्या शेजारधर्माहून कमी नाही. पण त्या बायकांच्या वतीने बोलणारे परागंदा सरकार नाही, वकिलात नाही, आणि दिल्लीत दाद मागायला कायदा नाही. शशी थरूर यांनी आश्रय कायद्याचे खासगी विधेयक २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये लोकसभेत मांडले. दोन्हींपैकी एकाचाही कायदा झाला नाही.